बरणीवरचं लॅटिन

१८ एप्रिल १९९७, शुक्रवार

आज एक घटना घडली. शिक्षणक्षेत्राच्या इतिहासात तिची नोंद कोणी घेणार नाही, म्हणून मी घेतो. स्टाफरूममध्ये पंख्याच्या बरोबर खाली असलेली, गेली सतरा वर्षं माझी असलेली खुर्ची आज खिडकीपाशी, उन्हात, भिंतीकडे तोंड करून उभी आढळली. तिच्या जागी टेबल. टेबलावर खोका. खोक्यात कॉम्प्युटर. खोका अजून उघडलेला नाही. तो उघडता येणारा माणूस ठाण्याहून यायचा आहे. तोवर पंख्याचा वारा खोक्याला.

देवजी शिपायाला जाब विचारला. म्हणाला, सर, त्याला गरम झालेलं चालत नाय असं हेडसर बोलले. मला चालतं की नाही, हे हेडसरांना कोणी विचारलेलं दिसत नाही.

दुसरी बातमी त्यामानाने किरकोळ. जूनपासून आठवीच्या मुलांना संस्कृतऐवजी संगणक घेता येईल. तीस जूनपर्यंत संस्कृतला वीस नावं झाली नाहीत तर विषय बंद. विषय बंद म्हणजे मी ‘अतिरिक्त’. अतिरिक्त शिक्षकाला जिल्ह्यात कुठेही पाठवतात. सध्या नावं अकरा. शिवाय आमची मुलगी भूमिका यंदा आठवीत जाणार. तिला धरून बारा. घरचंच नाव, विचारायचं काय त्यात.

काळजीचं कारण नाही. मुख्य प्रश्न खुर्चीचा आहे.

२० एप्रिल, रविवार, पहाटे ५.५०

संकल्प. रोज पहाटे पाचला उठून रूपावली म्हणायची. (आज पन्नास मिनिटं उशीर. घड्याळ मागे आहे.) घरोघर जाऊन पालकांची भेट. चहा पूर्ण बंद. चहाने जीभ जड होते आणि ‘ष’ बिघडतो, असं पाठशाळेत गुरुजी सांगत.

६.४०. चहा घेतला. सौ.ने करूनच ठेवला होता. अन्नाचा अपमान नको. उद्यापासून.

२३ एप्रिल

सापगावला आबांकडे गेलो. आमचे आबा, म्हणजे दामू निचिते, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या शेजारी धाऊकाका, त्यांचा नातू यंदा आठवीत जाणार. धाऊकाकांना देववाणीचं महत्त्व पाऊण तास समजावलं. ते बिडी विझू न देता ऐकत होते. शेवटी म्हणाले, नामा, समदं खरं. पण आमचा पोर सौस्कृत शिकून बोलंल कोनाशी, बैलाशी?

आबा हसले. माझे वडील. त्यांनीच मला अकराव्या वर्षी पुण्याच्या पाठशाळेत घातलं होतं, तेव्हा भावकीत बोंब झाली होती की कुणब्याचा पोर पूजा सांगणार की काय. मी त्यांना विचारलं, मग मला कशाला धाडलंत? म्हणाले, तिथं दोन टाइम जेवाया देत व्हते.

नावं अकरा. (भूमिका धरून बारा.) चहा दोन घरांत घ्यावा लागला. नाही म्हटलं तर पालक दुखावतात, आणि दुखावलेला पालक नाव देत नाही.

२ मे, शुक्रवार

आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी. शाई संपत आली आहे, तरी लिहितो.

मुरबाडच्या बाजारात अनिल भेटला. माझा जुना विद्यार्थी, दहावीला संस्कृतात ब्याण्णव. मी म्हटलं, काही आठवतं का रे? त्याने ‘रामः रामौ रामाः’ म्हटलं आणि पुढे रामच उरला नाही. असो. मुरबाड रस्त्याला काचेसारखं प्लास्टिक लावून गुलाब पिकवतात, तिथे तो सुपरवायझर. मला गाडीवर बसवून घेऊन गेला.

तिथे हॉलंडहून एक गृहस्थ आले आहेत. नाव हेंक. वय माझ्याएवढं, उंची दीडपट. गुलाबांना किती पाणी द्यायचं ते सांगतात. इंग्रजी माझ्यासारखंच, म्हणजे आमचं छान जमलं. मी संस्कृत शिकवतो म्हटल्यावर ते म्हणाले, म्हणजे तुमचं लॅटिन! मग त्यांनी त्यांच्या भाषेतले असे असे शब्द सांगितले की मी अनिलची हजेरीवही मागून तिच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

डच लोकांना लॅटिन येत नाही. पण लॅटिनबद्दलचे शब्द मात्र ढीगभर आहेत. यागर्सलाटाइन, म्हणजे शिकाऱ्याचं लॅटिन: हातभर सशाचा वाघ करून सांगणं. क्रामर्सलाटाइन, फेरीवाल्याचं लॅटिन: गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून आपसांत बोलायचं ते. हेंकच्या आजीचा एक घरगुती शब्द होता, पास्टोर्सप्राट, पाद्रीबोली. तो कुठल्या कोशात नाही, शाळेत बोलला तर बाई डोळे वटारत. आणि सगळ्यांत बहारदार, पॉट्येसलाटाइन. बरणीवरचं लॅटिन. जुने औषधवाले बरणीत बडीशेप भरून वर लॅटिनमध्ये भारदस्त काहीतरी लिहीत, गिऱ्हाईक घाबरून विकत घेई. म्हणून येत नसताना लोकांना दिपवायला फेकलेलं लॅटिन, ते बरणीवरचं.

मी इतका हसलो की गुलाब तोडणाऱ्या बायका बघायला लागल्या. आमच्याकडे असे किती बरणीवाले आहेत ते हेंकना सांगितलं. तीन नावं सांगितली. दोन पुण्याचे आहेत.

माणूस दमून काही सुचेनासा झाला की ते म्हणतात, त्याचं लॅटिन संपलं.

३ मे

मार्ग सापडला! डच लोकांचे लॅटिनविषयक अशिष्ट शब्द आणि शहापूर-मुरबाडच्या लोकांचे संस्कृतविषयक अशिष्ट शब्द, यांचा तुलनात्मक संग्रह. जगात पहिला. हेंकच्या गावी त्यांचे मित्र एक प्राध्यापक आहेत. वनस्पतींची लॅटिन नावं आणि गावठी नावं जुळवतात. तेही यात रस घेतील. म्हणजे घेणारच. हॉलंडमध्ये नाव झालं की हेडसर स्वतः खोका उचलतील.

ठाण्याच्या साप्ताहिकाला बातमी धाडली. (मी त्यांचा शहापूर वार्ताहर आहे, हे हेडसरांना सोयीस्कर वेळी आठवत नाही.) मथळा: ‘डच भाषाशास्त्रज्ञ संस्कृतने भारावले.’ हेंक अजून भारावलेले नाहीत. पण साप्ताहिक यायला तीन आठवडे लागतात.

११ मे, रविवार

संग्रह जोरात. आबा संस्कृतला ‘भटांची कुजबूज’ म्हणतात. धाऊकाका ‘सौस्कृत’. देवजी ‘लग्नातली भाषा’. हेडसर ‘स्कोअरिंग सब्जेक्ट’. हा मी ‘फेरीवाल्याचं लॅटिन’ या सदरात टाकला. मुलं माझ्या तासाला ‘रामरामौ’ म्हणतात, हे सतरा वर्षांनी आज कळलं. भूमिकेने सांगितलं. मला काय म्हणतात, ते सांगितलं नाही.

सौ.ला विचारलं, तू काय म्हणतेस संस्कृतला? ती भाकरी थापत होती. म्हणाली, मी काय म्हणणार, आमची सवत ती.

हा शब्द नोंदवला नाही. संदर्भ वैयक्तिक आहे.

रूपावली: आज नाही. चहा: तीन.

१ जून, रविवार

बातमी आली. छापताना ‘डच’चं ‘जर्मन’ झालं आहे आणि हेंकना ‘जगद्विख्यात’ केलं आहे. ते मात्र मीच केलं होतं. परिणाम मात्र अद्भुत. पाच पालक आपण होऊन घरी आले. नावं सोळा. (भूमिका धरून सतरा.) एका बाईंनी विचारलं, संस्कृत घेतलं की परदेशात जायला मिळतं का? मी म्हटलं, मार्ग अनेक असतात. खोटं काही बोललो नाही.

१३ जून, शुक्रवार

शाळा सुरू. खोका उघडला आहे. कॉम्प्युटरला पडदा शिवला आहे, सॅटिनचा. माझी खुर्ची अजून खिडकीत. आता तिथे ऊन नाही, पण पाणी येतं.

अनिलचा निरोप: हेंकना रानातली झाडं बघायची आहेत. प्राध्यापक म्हणतात, झाडाचं चित्र, पान आणि तिथली माणसं त्याला काय म्हणतात ते नाव, एवढं पाठव. मी कळवलं, परवाच निघू, डोळखांबच्या पुढे. वाट दाखवायला तिथल्या पाड्यावरची सकुबाई, औषधी पाल्याची जाणकार. शास्त्रीय बाजू माझी.

संकल्प: परवा दिवसभर चहा नाही. परदेशी माणसासमोर व्रत दिसलं पाहिजे.

१५ जून, रविवार, संध्याकाळी ७

अत्यंत यशस्वी दिवस. थोडा दमलो आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

हेंक, अनिल, मी, भूमिका. भूमिका पानं वहीत दाबून ठेवायला. हेंक सुबक चित्र काढतात. सकुबाई पुढे. साठीची, चाल अशी की आम्ही चौघं मागून धापा टाकत होतो. पहिल्या झुडपापाशी हेंकने चित्र काढलं, मी रुबाबात विचारलं, याला काय म्हणता बाई? ती गप्प. दुसऱ्या झाडापाशीही गप्प. मला वाटलं बहिरी आहे, म्हणून ओरडून विचारलं. तर म्हणाली, वरडू नको रं मास्तर, आयकू येतंय. हितं नाय सांगायचं. झाडाच्या म्होरं त्याचं नाव घेतलं का पाल्यातला गुण जातोय. आमच्या सासूनं घालून दिलंय. पानं घ्या, घरी चला, हात धुवा, च्या घ्या, मंग एकेक सांगतंय.

आता हे शास्त्रीय कामात कसं चालणार? हेंक पेन्सिल घेऊन उभे. प्राध्यापक हॉलंडात थांबलेले. मी म्हटलं, हरकत नाही, संस्कृत नावं मी देतो. तीच प्रमाण. पहिलं ‘शैलकर्णी’. खडकातून उगवलेलं, पान कानासारखं. दुसरं ‘दीर्घरोमा’. तिसरं ‘रक्तपुच्छिका’. मग ओघ आला. ओघ आला की मला थांबवणं कठीण. एकूण अकरा वनस्पती. हेंक प्रत्येक नाव दोनदा विचारून लिहीत होते. असा विद्यार्थी मला सतरा वर्षांत मिळाला नाही.

भूमिका मध्येच हळूच म्हणाली, पप्पा, हे पुस्तकात आहे का? मी म्हटलं, संस्कृतात शब्द घडवता येतात. ती म्हणाली, पण काका विचारतायत ना, हे कोण म्हणतं? मी म्हटलं, आपण म्हणतो. तिने पान वहीत ठेवलं आणि वही मिटली.

परतीला सकुबाईने घरात बोलावलं. चुलीवर चहा ठेवलेला. हेंक बसायला निघाले होते. मी दोन्ही हात जोडून सांगितलं, माझं व्रत आहे, आणि आम्हांला उशीरही होतोय. हेंकना जीपमध्ये बसवलं. सकुबाई दारात कप घेऊन उभी. म्हणाली, बरं बाबा, तुजं काम तुला म्हायती.

दिवसभरात एकही चहा नाही. संकल्प प्रथमच पूर्ण!

१६ जून

काल नावं देताना ‘शैलकर्णी’ कदाचित दोनदा दिलं असेल. हरकत नाही, खडकात अनेक वनस्पती उगवतात.

भूमिका ताट घेऊन ओट्यावर जाऊन जेवली. वय आहे.

२१ जून, शनिवार

हेंकने शाळेला गुलाबांची पेटी पाठवली. प्रार्थनेच्या वेळी मुलींना एकेक वाटला. आठवीत कुजबूज सुरू झाली की संस्कृतवाल्यांची सहल काचेच्या मळ्यात जाणार. मी तसं म्हटलेलं नाही. जाणार नाही असंही म्हटलेलं नाही. तीन नावं आली.

एकोणीस. भूमिका धरून वीस. पूर्ण!! नऊ दिवस आधी!

देवजीला सांगून ठेवलं की खुर्चीचे पाय पुसून ठेव.

२२ जून, रविवार

टीव्हीवर विणलेल्या रुमालाखाली भूमिकेचा फॉर्म सापडला. नाव, जन्मतारीख, सगळं सुंदर अक्षरात. विषयाची जागा कोरी.

विचारलं. म्हणाली, ठरवत्येय. मी विचारलं, ठरवायचं काय? ती म्हणाली, पप्पा, तुम्ही दुसऱ्यांच्या घरी जाऊन पाऊण पाऊण तास समजावता. मला एकदा पण नाय विचारलंत.

‘नाय’ म्हणू नको, ‘नाही’ म्हण, असं मी तिला सांगितलं. या प्रसंगी ही दुरुस्ती तितकीशी उपयोगी पडली नाही.

२६ जून, गुरुवार

अनिल आला. कंपनीत हॉलंडहून फॅक्स आला होता, प्राध्यापकांचा, इंग्रजीत. अनिलने तो खिशात घडी करून आणला होता आणि देताना चप्पल घालूनच दारात उभा राहिला. जो मुलगा माझ्या घरी आला की पोहे संपेपर्यंत हलत नाही, तो.

सौ. आत होती. भूमिका ओट्यावर अभ्यास करत होती. मी उभ्यानेच वाचलं.

प्राध्यापक फार सभ्य आहेत. लिहितात, मी नावं त्यांच्याकडच्या संस्कृत कोशांत पाहिली, एकही सापडलं नाही, अर्थात कोश अपुरे असतात. ‘शैलकर्णी’ हे नाव तीन निरनिराळ्या वनस्पतींना आहे, त्यांचा आपसांत संबंध नाही. आणि आठव्या क्रमांकाची ‘श्वेतबिन्दुका, आयुर्वेदात प्राचीन काळापासून प्रसिद्ध’ ही वनस्पती अमेरिकेची आहे. तुमच्या देशात ती याच शतकात आली, बहुधा धान्याबरोबर.

गाजरगवत! शाळेच्या मैदानाच्या कडेला हातभर उंच वाढतं. मी स्वतः मुलांना ते उपटायला लावतो. पण त्या दिवशी त्याला फूल नव्हतं, पानांवर नुसते पावसाचे पांढरे थेंब होते. फूल असतं तर कोणीही ओळखलं असतं. कोवळं होतं. शिवाय उतारावर होतं.

कागदाच्या कडेला हेंकसाठी हाताने एक डच शब्द लिहिलेला होता, खाली रेघ. फॅक्सवर फिकट उमटला होता. अनिल म्हणाला, सर, हा काय शब्द आहे, हेंकसाहेब नुसते हसले, सांगत नाहीत.

मला सांगण्याची गरज नव्हती. माझ्या वहीत तो सगळ्यांत वर आहे, बरणीचं चित्र काढलेलं आहे शेजारी.

अनिलला म्हटलं, तांत्रिक संज्ञा आहे.

ओट्यावर पानं उलटायचा आवाज थांबला होता.

२७ जून

अनिलकडून पुढचं कळलं. तो आणि हेंक मागच्या मंगळवारीच परत डोळखांबला गेले होते. माझ्याशिवाय. तीच अकरा पानं सकुबाईच्या ओसरीवर मांडली. हात धुतले. चहा घेतला, हेंकने तीन कप. मग तिने एकेक पान उचलून नाव सांगितलं, कशाला लावायचं, कधी नाही लावायचं, कुठलं गुरांनी खाल्लं तर पोट फुगतं. आठव्या पानाला म्हणाली, ह्याला नाव नाय. हे आमचं नाय, कुठून तरी आलंय. ह्यानं खाज येते.

प्राध्यापकांनी कळवलं आहे की ही यादी उत्तम आहे. विशेषतः आठवं.

एका चहाचा प्रश्न होता. दोन महिन्यांत शंभरेक चहा घेतले असतील. तो एकच सोडला.

२८ जून, शनिवार

नावं एकोणीस. फॉर्म टीव्हीवरच. रुमाल नाही त्यावर आता.

हेडसरांनी बोलावलं. म्हणाले, निचिते सर, एका नावाचा प्रश्न आहे, घरातलं तर आहे ना, मग अडलंय कुठे? मी म्हटलं, घरातलंच आहे म्हणून.

हे वाक्य चांगलं वाटलं. बाहेर आल्यावर तितकं नाही वाटलं.

भूमिकेला सांगायचं ठरवलं होतं की तुला कॉम्प्युटर हवा तर घे. तीनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो. एकदा पेन मागितलं. एकदा खिडकी लावून घे म्हटलं. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं, पप्पा, चहा करू का? हो म्हटलं.

२९ जून, रविवार

आबांकडे गेलो. सगळं सांगितलं नाही, पण गाजरगवताचं सांगितलं. हसतील म्हणून तयारीने गेलो होतो. हसले नाहीत. म्हणाले, नामा, मला आयकू आलं का तुला जे येत नाय तेच येतंय म्हनून तू सांगितलंस. पाठशालेत हेच शिकिवलं का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, मंग हे कुठं शिकलास?

उत्तर शोधतो आहे. पाठशाळेत सगळं पाठ होतं. नोकरी लागली तेव्हाही येत होतं. मग आठवी ते दहावीची तीच पुस्तकं सतरा वर्षं. त्यांबाहेरचं केव्हा गेलं, कळलं नाही. विचारणारा कोणी नव्हता आणि फेकलं तरी चालत होतं. पहाटेची रूपावली एप्रिलपासून एकदाही झालेली नाही, याचं कारण घड्याळ नाही. मध्येच अडकतो. अडकलो की घाबरतो, म्हणून उठत नाही.

३० जून, सोमवार

सकाळी टीव्हीवर फॉर्म नव्हता. शाळेत गेल्यावर हेडसरांच्या टेबलावर पाहिला. विषय: संस्कृत. वीस झाली. हेडसरांनी हात मिळवला. देवजीने कॉम्प्युटरचं टेबल सरकवून खुर्ची पुन्हा पंख्याखाली आणून ठेवली, पाय पुसून. वीज गेलेली होती. तासभर तिथे बसलो.

मधल्या सुट्टीत भूमिका वऱ्हांड्यात भेटली. विचारलं, कॉम्प्युटर का नाही घेतलास? म्हणाली, वीस व्हायला पाहिजे होते ना. आणि पळाली.

संग्रहाची वही माळ्यावर ठेवली. बरणीचं चित्र खोडायचं होतं, पण शाई पक्की निघाली.

बदलीची काळजी मला नव्हती असं मी अडीच महिने लिहितो आहे. होती. झोप लागत नव्हती. ती आज मिटली आणि तरी जीव थाऱ्यावर नाही. उद्या पहिल्या तासाला वीस मुलं असतील. एकोणीस जणांसमोर मी काहीही म्हटलं तरी ते संस्कृतच. पण पहिल्या बाकावर भूमिका बसणार आहे. मला शब्द आठवला नाही की मी काय करतो, हे त्या वर्गात एकट्या तिला माहीत आहे. आणि ती बोलणार नाही, वही मिटेल नुसती. मला त्याची भीती वाटते.

उद्याचा धडा आता काढून बसलो आहे. पहिल्याच ओळीत एक रूप अडलंय. सौ.ने चहा आणून ठेवला आहे. पुस्तकात बघतो.